कॅमेरा परदेशात नेताय? कागद जातानाच करून घ्या

पहाटेचे साडेतीन वाजले होते. नैरोबीहून आलेलं विमान उतरलं, आमच्या गटातले बाराजण सामान घेऊन कस्टम्सच्या हिरव्या मार्गाने, म्हणजे कर भरण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेने, बाहेर निघाले आणि सर्वांत मागे असलेल्या काकांना थांबवलं. काका बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी हौसेने ६०० मिलिमीटरची लेन्स घेतली होती आणि मसाई मारात आठ दिवस तिला जिवापाड जपलं होतं. अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली आणि शांतपणे विचारलं, "ही लेन्स कुठे घेतली?"

"पुण्यात."

"बिल आहे?"

"घरी असेल."

पुढचे दोन तास आम्ही सगळे तिथेच बसून होतो. काकांच्या मुलीला झोपेतून उठवलं, तिने तीन कपाटं उपसली, बिल सापडलं, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळला आणि काकांना सोडलं. अधिकाऱ्याने आवाजही चढवला नव्हता. बाहेर आल्यावर काका एवढंच म्हणाले, "माझ्याच वस्तूसाठी मला चोरासारखं वाटलं."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. अधिकाऱ्याचं काही चुकलं नव्हतं आणि काकांचंही नव्हतं. कमी होता तो एक कागद, आणि तो आठ दिवसांपूर्वी, जाताना, अर्ध्या तासात करता आला असता. आज आपल्याकडे दोन-तीन लाखांचं किट घेऊन केनियाला, आइसलँडला, बालीच्या लग्नाच्या शूटला जाणारे खूपजण आहेत. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

कस्टम्सला नेमकं काय जाणून घ्यायचं असतं

तुमच्याकडे महागडा कॅमेरा आहे म्हणून कस्टम्स कर लावत नाही. बाहेरून देशात येणाऱ्या मालावर ते कर लावतं. तुमचा कॅमेरा गेली चार वर्षं कोथरूडच्या घरात होता, हे तुम्हाला माहीत असतं. अधिकाऱ्याला दिसतं ते एवढंच, की परदेशातून आलेल्या प्रवाशाच्या बॅगेत एक महाग वस्तू आहे. ती इथून गेली होती की तिकडे विकत घेतली, हे वस्तूकडे पाहून कळत नाही. म्हणून किमतीच्याही आधी तो "कुठे घेतली?" असं विचारतो.

इथे एक गैरसमज हमखास होतो. नियमांत "वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंना" सूट आहे, असं आपण ऐकलेलं असतं. त्यावरून लोक ठरवतात की लेन्सला दोन ओरखडे असले, पट्ट्यावर धूळ असली की झालं. पण वैयक्तिक वस्तूंची नियमांतली व्याख्या आहे रोजच्या गरजेच्या वस्तूंची. कपडे, चष्मा, दाढीचं सामान यांबद्दल वाद होत नाही. तीन बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे) आणि पाच लेन्स रोजच्या गरजेत बसतात का, हे समोरच्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर राहतं. शिवाय दुबईत घेऊन दहा दिवस वापरलेली लेन्सही वापरलेलीच असते. तेव्हा वापराच्या खुणा दाखवून भागत नाही. ही वस्तू इथूनच गेली होती, हे दाखवावं लागतं.

आणि ते दाखवण्याची जबाबदारी आपली आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे आपल्या सामानात काय आहे हे प्रवाशाने स्वतः सांगायचं असतं. हिरव्या मार्गाने चालू लागणं म्हणजेच "माझ्याकडे कर भरण्यासारखं काही नाही" असं सांगणं. वेगळा फॉर्म भरला नाही, म्हणून काही जाहीर केलं नाही असं होत नाही. चालत जाणं हेच निवेदन धरलं जातं.

जुन्या पिढीतल्या वाचकांना आठवत असेल, परदेशातून येणाऱ्या पाहुण्याचा व्हिडिओ कॅमेरा त्याच्या पासपोर्टवर नोंदवला जायचा आणि परत जाताना तो दाखवावा लागायचा. दाखवला नाही, तर इथे विकला असं मानून कर वसूल होई. आता त्या नोंदी पासपोर्टवर होत नाहीत. तरी त्यामागचा विचार तोच आहे: जी वस्तू सीमेपलीकडे जाऊन परत येणार, तिची ओळख आधी पटवून ठेवा.

जातानाचा तो कागद

त्याला एक्स्पोर्ट सर्टिफिकेट म्हणतात. नाव ऐकून वाटतं की निर्यातदारांचं काहीतरी असेल, पण ते आपल्यासारख्या प्रवाशांसाठीही आहे. भारत सोडताना विमानतळावरच्या कस्टम्सच्या काउंटरवर जायचं, वस्तू दाखवायची, बिल दाखवायचं. अधिकारी वस्तूचं वर्णन, सिरियल नंबर आणि किंमत नोंदवून सही-शिक्क्याचा कागद देतो. परत येताना तो दाखवला की प्रश्न मिटला. दागिने नेणाऱ्या बायकांना ही सोय बऱ्यापैकी माहीत असते. कॅमेरेवाल्यांना ती माहीत नसते, याचं मला फार वाईट वाटतं, कारण दागिन्याची ओळख पटवणं अवघड आणि कॅमेऱ्याची सर्वांत सोपी. त्याच्या अंगावर नंबर कोरलेला असतो.

प्रत्यक्षात हे असं करावं. निघायच्या आठवडाभर आधी किटमधली प्रत्येक मोठी वस्तू टेबलावर मांडा. बॉडीचा नंबर बहुधा तळाशी किंवा उघडणाऱ्या स्क्रीनच्या मागे असतो, लेन्सचा माउंटच्या, म्हणजे ती कॅमेऱ्याला जोडली जाते त्या कड्याच्या, जवळ. काही लेन्सवर तो इतका बारीक असतो की मोबाइलने फोटो काढून मोठा करूनच वाचता येतो. एका कागदावर यादी टाइप करा: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीचं वर्ष, बिलावरची किंमत. तिच्या दोन प्रती काढा आणि बिलांच्या प्रती त्यांना जोडा. अधिकाऱ्याला पहाटे दोन वाजता हाताने बारा नंबर उतरवून घ्यायला लावण्यापेक्षा तयार यादी पुढे केली, तर काम कितीतरी लवकर होतं. त्याचंही आणि आपलंही.

विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा आणि मोठी बॅग विमान कंपनीच्या ताब्यात देण्याआधीच कस्टम्सचं काउंटर कुठे आहे ते विचारा. अधिकाऱ्याला वस्तू डोळ्यांनी पाहायची असते. ट्रायपॉडच्या बॅगेत लाइट ठेवलेत आणि ती बॅग पट्ट्यावरून गेली, तर त्या लाइटचा कागद होणार नाही. नागपूर, गोवा किंवा पुण्याहून देशांतर्गत विमानाने मुंबईला येऊन पुढे जाणार असाल, तर देश ज्या विमानतळावरून सोडणार तिथे हे काम होतं. म्हणून दोन विमानांमध्ये पुरेसा वेळ ठेवा आणि किमती वस्तू हातातल्याच बॅगेत ठेवा.

यातली एक अडचण मोकळेपणाने सांगायला हवी. रात्रीच्या गर्दीत काउंटरवर कोणी नसतं, किंवा "कॅमेऱ्याला कशाला लागतंय, जा तुम्ही" असं सांगून परत पाठवतात. माझ्याबाबतीत हे झालंय. तेव्हा मी नम्रपणे पुन्हा विनंती करतो, यादी पुढे ठेवतो, आणि बहुतेक वेळा काम होतं. तरीही नाहीच झालं, तर यादी आणि बिलं बरोबर असतातच. परतताना तीच उपयोगी पडतात.

बिलच नसेल तर

आपल्याकडच्या खऱ्या अडचणी इथे सुरू होतात. निम्मे हौशी फोटोग्राफर पहिली चांगली लेन्स सेकंडहँड घेतात. ग्रुपवर जाहिरात येते, रविवारी सकाळी दोघे कुठल्याशा हॉटेलात भेटतात, लेन्स तपासतात, पैसे ऑनलाइन जातात आणि विषय संपतो. बिल मूळ मालकाकडेच राहतं किंवा कधीच हरवलेलं असतं.

अशा वेळी दुसरे पुरावे उभे करावे लागतात, आणि ते उभे राहतात. सर्वांत भक्कम म्हणजे सर्व्हिस सेंटरची पावती. भारतातल्या अधिकृत केंद्रात लेन्स साफसफाईसाठी दिलीत, तर जॉबशीटवर सिरियल नंबर आणि तारीख छापून येते. काही शे रुपयांत तुमच्या लेन्सला भारतात असल्याचा तारखेचा दाखला मिळतो. दुसरा पुरावा विम्याचा. उपकरणांचा विमा काढताना पॉलिसीबरोबरच्या यादीत प्रत्येक वस्तूचा नंबर लिहून घेता येतो. विमा मुळात चोरीसाठी असतो, पण ही यादी कस्टम्सपुढेही बोलते. तिसरा, भारतात दिलेलं वॉरंटी कार्ड. चौथा, विकणाऱ्याने साध्या कागदावर नंबरासह लिहून दिलेली पावती आणि त्या दिवसाची बँकेतली नोंद.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये बरीच माहिती लिहून ठेवतो आणि बऱ्याच मॉडेलांत बॉडीचा, कधी लेन्सचाही, सिरियल नंबर तिच्यात असतो. दोन वर्षांपूर्वी पन्हाळ्यावर काढलेला एक मूळ फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्यातला नंबर आणि तारीख दाखवता येते. कायद्याच्या भाषेत हा पक्का पुरावा नव्हे, कारण फाइलमधली माहिती बदलता येते. पण समोरचा अधिकारी संशयात असेल, तर संभाषण आपल्या बाजूला झुकवायला तो पुरतो. मात्र मूळ फाइल ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोतून ही माहिती गळून गेलेली असते.

बिलाशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या कोऱ्या मालाबद्दल मात्र मी स्पष्ट सांगतो: घेऊ नका. तो बहुतेकदा कर चुकवून आलेला असतो. दुकानदार दहा-पंधरा टक्के वाचवून देतो, पण त्या वस्तूची या देशात कुठेही नोंद नसते. तुम्ही जितक्या वेळा परदेशात जाल, तितक्या वेळा परतताना तिच्याबद्दल उत्तर द्यावं लागेल, आणि खरं उत्तर देता येणार नाही.

भाड्याच्या किटचं वेगळं आहे. कॅमेरा अंधेरीतल्या एखाद्या रेंटल हाउसचा असेल, तर बिल त्यांच्या नावावर असतं. त्यांच्याकडून बिलाची प्रत आणि "या प्रवाशाला या तारखांसाठी ही उपकरणं दिली आहेत" असं लेटरहेडवरचं पत्र घ्या, सिरियल नंबरांसह. तेही नेलेल्याच वस्तूंच्या नंबरांसह. ऐन वेळी बॉडी बदलून देतात आणि पत्रात जुनाच नंबर राहतो.

तिकडे उतरल्यावर

बहुतेक देश पर्यटकाला त्याचा कॅमेरा तात्पुरता, करमुक्त आत नेऊ देतात. अपेक्षा एवढीच असते, की तो परत जावा. एक-दोन बॉडी, चार लेन्स, ट्रायपॉड एवढ्यावर सहसा कोणी थांबवत नाही. थांबवतात ते माल विकायला आणलाय असं वाटलं की. एकाच मॉडेलच्या चार बॉडी, सीलबंद खोकी, किमतीची लेबलं ही त्याची लक्षणं. नवीन लेन्स नेत असाल, तर खोकं घरी ठेवा.

दुसरी शंका धंद्याची. "कामासाठी आलात की फिरायला?" हा प्रश्न कस्टम्सचा वाटला, तरी त्याची दुसरी बाजू व्हिसाची असते. पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन लग्नाचं शूट करणं अनेक देशांत चालत नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तेव्हा सोबत लाइट, मॉनिटर, गिंबल, चारजणांचा चमू असताना "फिरायला आलोय" असं सांगू नका. खोटं पकडलं गेलं, तर कॅमेऱ्याबरोबर माणूसही अडकतो. खरं सांगा आणि त्याचे कागद ठेवा.

कार्नेट: उपकरणांचा पासपोर्ट

व्यावसायिक शूटसाठी मोठं किट नेणाऱ्यांसाठी जगाने एक व्यवस्था तयार केली आहे. तिचं नाव एटीए कार्नेट. तात्पुरता प्रवेश या अर्थाचे फ्रेंच आणि इंग्रजी शब्द एकत्र करून 'एटीए' ही अक्षरं आली. त्याचा करार १९६१ मध्ये ब्रुसेल्सला झाला. आज सुमारे ८० देश-प्रदेश तो मानतात. भारतात कार्नेट देण्याचं काम फिक्की ही उद्योगसंस्था करते.

याची गरज का पडली, हे समजून घेण्यासारखं आहे. समजा मुंबईचा चमू ४० लाखांची उपकरणं घेऊन जाहिरातीच्या शूटला थायलंडला निघाला. थायलंडच्या कस्टम्सला भीती असते की माल इथेच विकला जाईल. म्हणून ते म्हणतील, कराएवढी रक्कम आधी जमा करा, माल बाहेर गेला की परत देऊ. चमू तिथून जपानला जाणार असेल, तर तिथे पुन्हा तेच. परत भारतात आल्यावर आपलं कस्टम्स विचारणार, हा माल इथूनच गेला कशावरून? एका शूटसाठी तीन ठिकाणी पैसे आणि कागद अडकतात.

कार्नेटमध्ये हे सगळं एका पुस्तिकेत येतं. तुम्ही फिक्कीकडे उपकरणांची यादी देता, शुल्क भरता आणि तारण ठेवता. फिक्की जगाला हमी देते, की हा माल परत येईल, आणि नाही आला तर कर आम्ही भरू. पुस्तिकेचं आवरण हिरवं असतं. स्वतःच्या देशातून बाहेर पडण्याची आणि परत येण्याची पानं पिवळी, दुसऱ्या देशात शिरण्याची आणि तिथून निघण्याची पांढरी, मधल्या देशातून नुसतं पार होण्यासाठी निळी. प्रत्येक सीमेवर त्या-त्या पानावर शिक्का मारून एक भाग फाडून घेतात, उरलेला तुकडा पुस्तिकेत राहतो. तिची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि त्या मुदतीत अनेक फेऱ्या करता येतात.

शिक्क्यांचा हा खेळ अत्यंत काटेकोर आहे. भारत सोडताना पिवळ्या पानावर शिक्का घ्यायला विसरलात, तर पुढची साखळीच अडचणीत येते. परदेशातून निघताना पांढऱ्या पानावर 'बाहेर गेला' हा शिक्का राहिला, तर त्या देशाच्या लेखी माल अजून तिथेच आहे. काही महिन्यांनी कराची मागणी फिक्कीकडे येते आणि फिक्की ती तुमच्या तारणातून वसूल करू शकते. तोवर उपकरणं अंधेरीत सुखरूप पोहोचलेली असली, तरी ती कुठे आहेत हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. अशा वेळी भारतातल्या कस्टम्सकडून माल भारतात असल्याचा दाखला मिळवावा लागतो. घाई असते, विमान चुकायची वेळ आलेली असते, चमू थकलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी म्हणतं, "राहू दे शिक्का, चल." त्या क्षणी थांबणारा एक माणूस चमूत हवा. शूटला निघताना कार्नेट कोणाच्या हातात राहील, हे एकाच माणसाचं नाव घेऊन ठरवा, आणि शिक्का घेणं हे त्याचं त्या दिवसाचं एकमेव काम ठेवा.

आणखी दोन बारकावे. यादी एकदा मंजूर झाली, की तिच्यात नवी वस्तू घालता येत नाही. कमी वस्तू नेता येतात. त्यामुळे नेण्याची शक्यता असलेली प्रत्येक गोष्ट सुरुवातीलाच लिहा. आणि वापरून संपणाऱ्या वस्तू, म्हणजे चिकटपट्ट्या, साधे सेल वगैरे, कार्नेटवर घालायच्या नसतात, कारण त्या परत येणारच नाहीत.

कार्नेट सगळीकडे चालत नाही. जपान, सिंगापूर, थायलंड, श्रीलंका, संयुक्त अरब अमिराती आणि युरोपातले देश या व्यवस्थेत आहेत. आफ्रिकेत मात्र दक्षिण आफ्रिका, मॉरिशस, मोरोक्को असे मोजकेच. बाकीच्या ठिकाणी अनामत रक्कम किंवा हमीपत्र देऊन माल न्यावा लागतो. त्यासाठी तिथला ओळखीचा एजंट आधीच गाठणं शहाणपणाचं. हौशी प्रवाशाने एक बॉडी आणि दोन लेन्ससाठी कार्नेटच्या भानगडीत पडायची अजिबात गरज नाही. त्याला एक्स्पोर्ट सर्टिफिकेट पुरतं.

ड्रोनचं प्रकरण वेगळं

ड्रोन म्हणजे उडणारा कॅमेरा, असं समजून तो किटमध्ये टाकू नका. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये परवानगीशिवाय ड्रोन नेला, तर विमानतळावरच काढून घेतात. पिरॅमिडचा हवाई व्हिडिओ काढायच्या स्वप्नात गेलेल्यांचे ड्रोन कैरोच्या विमानतळावर राहिल्याच्या कहाण्या पर्यटकांत नेहमी ऐकू येतात. नेपाळमध्ये, केनियात आधी परवानगी घ्यावी लागते. एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्या आपल्या ट्रेकर मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं.

परतीचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारताने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण, सुरक्षा अशा मोजक्या कारणांनाच परवानगीने सूट मिळते. म्हणजे दुबईत स्वस्त मिळाला म्हणून ड्रोन आणला, तर कर भरायची तयारी असूनही तो आत येत नाही. करमुक्त मर्यादेत बसतो का, हा हिशेबच इथे लागू नाही. आणि भारतात घेतलेला ड्रोन बाहेर नेत असाल, तर एक्स्पोर्ट सर्टिफिकेटशिवाय नेऊ नका. लेन्सचा कागद नसला तर बहुधा कर मागतील. ड्रोनचा कागद नसला तर ड्रोन जाईल.

बॅटऱ्यांबद्दल एवढंच, की तो नियम कस्टम्सचा नसून विमान सुरक्षेचा आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्याच बॅगेत ठेवायच्या. १०० वॉट-तासांपर्यंत अडचण नसते, १०० ते १६० च्या मधल्यांना विमान कंपनीची परवानगी लागते. कॅमेऱ्याच्या साध्या बॅटऱ्या १५-२० वॉट-तासांच्या आत असतात. काळजी करायची ती मोठ्या व्हिडिओ लाइटच्या आणि सिनेमा कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांची.

तिकडे राहणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत राहणारा भाचा नाशिकला मावसबहिणीच्या लग्नाला कॅमेरा घेऊन येतो, तेव्हा त्याला हाच प्रश्न उलट्या दिशेने येतो. अमेरिकेत परतताना तिथलं कस्टम्स विचारू शकतं, की हा कॅमेरा भारतात घेतला का? त्यासाठी तिथे ४४५७ क्रमांकाचा फॉर्म आहे. निघण्यापूर्वी वस्तू घेऊन कस्टम्सच्या कार्यालयात जायचं, नंबर लिहून शिक्का घ्यायचा. तो कागद वाचता येतो तोवर पुढच्या प्रवासांनाही चालतो. कॅनडातही निघण्याआधी वस्तूची नोंद करून कार्ड मिळतं. दोन्हीकडची रीत आपल्या एक्स्पोर्ट सर्टिफिकेटसारखीच.

आणि खरंच तिकडे घेतला असेल तर

मग लपवू नका. आकड्यांत पाहिलं तर भीती कमी होते. २०१६ च्या बॅगेज नियमांत भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचा माल करमुक्त आणता येत होता. फेब्रुवारी २०२६ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी ही मर्यादा ७५,००० केली. मर्यादेच्या वर जेवढी किंमत जाते, तेवढ्यावरच कर लागतो, संपूर्ण किमतीवर नाही. २०१८ पासून प्रवाशांच्या सामानावरचा दर अधिभारासह ३८.५ टक्के असा चालत आला आहे. हे आकडे अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

सिंगापूरला १,८०,००० रुपयांची लेन्स घेतलीत असं धरा. ७५,००० वजा केले की उरतात १,०५,०००. त्यावर ३८.५ टक्के म्हणजे ४०,४२५ रुपये. लेन्स पडली २,२०,४२५ ला. मुंबईच्या दुकानात तीच लेन्स, भारतातल्या वॉरंटीसह, कितीला मिळते, हे सिंगापूरला जाण्यापूर्वी पाहा. बरेचदा फरक फारसा उरत नाही. त्याच सहलीत आणलेली अत्तरं आणि घड्याळंही याच ७५,००० मध्ये मोजली जातात.

"बायकोचे ७५ आणि माझे ७५, मिळून दीड लाख" हा हिशेब चालत नाही. दोन प्रवाशांच्या मर्यादा एका वस्तूसाठी एकत्र करता येत नाहीत.

तिकडच्या कराच्या परताव्यावरूनही गोंधळ होतो. सिंगापूरला ९ टक्के जीएसटी, दुबईत ५ टक्के व्हॅट निघताना परत मिळू शकतो. तो त्यांचा कर. तो परत मिळाला काय किंवा न मिळाला काय, इथली ड्युटी वेगळी. त्यांचा अधिकारी वस्तू पाहायला मागू शकतो, म्हणून परताव्याचं काम होईपर्यंत लेन्स चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

लाल मार्ग, म्हणजे कर लागणारं सामान जाहीर करायची वाट, हा गुन्हेगारांचा मार्ग आहे, ही समजूत मनातून काढून टाका. तिथे जाऊन बिल पुढे ठेवलं, की त्यावरची किंमत कस्टम्सच्या विनिमय दराने रुपयांत धरतात, कर काढतात, तुम्ही भरता. बिल नसेल, तर अधिकारी इंटरनेटवरची किंमत धरतो आणि ती तुम्हाला मिळालेल्या सवलतीपेक्षा जास्तच असते. हिरव्या मार्गात सापडलात, तर मात्र प्रकरण कराचं राहत नाही. वस्तू जप्त होऊ शकते, सोडवण्यासाठी दंड, वर स्वतंत्र शिक्षेचा दंड. ४०,००० वाचवायला निघालेला माणूस लाखभर भरून बाहेर येतो.

कर भरायची तयारी नसेल, तरी एक वाट आहे. कायद्याच्या कलम ८० नुसार, प्रामाणिकपणे जाहीर केलेली वस्तू कस्टम्सकडे ठेवून घ्या आणि मी देश सोडताना परत द्या, असं सांगता येतं. थोड्या दिवसांसाठी घरी आलेल्या परदेशस्थ मंडळींना ते सोयीचं पडतं. ठेवल्याची पावती मिळते, ती जपायची.

कर भरलात, तर त्याचीही पावती मिळते. ती इतर बिलांबरोबर टाकून देऊ नका. घरी आल्यावर तिच्यावर लेन्सचा नंबर आहे ना ते तपासा, नसेल तर दुकानाचं बिल तिला टाचून ठेवा, फोटो काढून मेलवर स्वतःलाच पाठवा. काकांनी आता हेच केलंय. त्यांच्या फाइलमध्ये प्रत्येक वस्तूचं एक पान आहे, आणि मुलीच्या मोबाइलमध्येही तीच फाइल आहे. पुढच्या जुलैत आम्ही पुन्हा मारेला जातोय. काकांनी मला आत्ताच विचारलंय, विमानतळावर किती वाजता पोहोचायचं.